शिंजिराचे आठ फोटो

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यांची बदली भंडारदऱ्याला झाली. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. धरणातलं पाणी रोज मोजायचं, नदीत किती सोडलं ते लिहायचं, भिंतीवरून दोन फेऱ्या मारायच्या, मजुरांकडून डागडुजी करून घ्यायची, असं त्यांचं काम. माझं माहेर आणि सासर दोन्ही नगर शहरातलं. दारात टांगे, भाजीवाले, शेजारणी यांचा सतत राबता. ते सोडून मी डोंगरात आले तेव्हा पहिले आठ दिवस कानांत दडे बसल्यासारखं वाटत होतं. मग हळूहळू एकेका पाखराचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला आणि दडे सुटले.

लढाईचे दिवस होते. साखर, रॉकेल, कापड, सगळंच बेताने मिळायचं. पण तांदूळ तिथल्या खाचरांतलाच होता, आणि दूध चौकीदाराची बायको आणून द्यायची. तिला आम्ही मावशी म्हणायचो. वयाने माझ्या आईएवढी, कोळ्यांच्या वाडीतली, बोलायला फटकळ आणि हाताला सढळ. मापाच्या वर एक धार दूध नेहमी जास्तच घालायची.

यांच्याकडे घडीचा एक कॅमेरा होता. खात्यातला एक गोरा इंजिनिअर विलायतेला परतताना देऊन गेला होता. झाकण उघडलं की लोहाराच्या भात्यासारखा काळा भाता पुढे सरकायचा. एका रिळात आठ फोटो निघत. लढाईमुळे रिळं दुर्मीळ झाली होती. नगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वयस्कर मुसलमान गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता, त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणायची. ते यांच्यासाठी एखाददुसरं रीळ बाजूला ठेवून पोस्टाने पाठवायचे. म्हणून कॅमेरा बहुतेक ट्रंकेतच असायचा. आमचा दोघांचा एक फोटो आणि धरणाच्या भिंतीचे तीन, एवढीच त्याची कमाई.

एकदा धरणाजवळच्या सरकारी बंगल्यावर उतरलेल्या कुणा साहेबाने मागे टाकलेलं इंग्रजी मासिक हे घरी घेऊन आले. त्यात अमेरिकेतल्या हमिंगबर्ड नावाच्या पाखरांचे फोटो होते. हवेत जागच्या जागी थांबून फुलात चोच घातलेली, अंगठ्याएवढी पाखरं. हे कंदिलाजवळ ते मासिक धरून बसले ते जेवणाची वेळ टळली तरी उठले नाहीत.

"अंगठ्याएवढं पाखरू," शेवटी म्हणाले, "आणि पंखाचं पीस न् पीस दिसतंय बघ."

मी म्हटलं, "असलं एक आपल्या आंब्यावर रोज येतं की."

"ते शिंजीर."

"मग त्याचा काढा."

मी सहज बोलून गेले. त्यापुढचे दोन-अडीच महिने आमच्या घरात त्या शिंजिराशिवाय दुसरा विषय नव्हता.

क्वार्टरच्या मागे आंब्याचं मोठं झाड होतं आणि त्याच्या एका फांदीवर बांडगूळ माजलेलं होतं. बांडगुळाला लांबट, नळीसारखी फुलं येतात. शिंजिराला त्यातला मध फार प्रिय. नर दुरून नुसता काळा दिसतो; ऊन पडलं की त्याच्या अंगावर निळा, जांभळा, मधूनच हिरवा असा रंग फिरतो. पैठणीच्या पदरासारखा, बघावं तसा बदलणारा. मादी बिचारी वरून मातकट, पोटाकडे फिकट पिवळी. यांना अर्थातच नर हवा होता.

मार्च महिन्यात हे रोज सकाळी आंब्यावर चढायचे. खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर हॅट, गळ्यात कॅमेरा. खालच्या फांदीला टेकून तासभर दम धरून बसायचे. पाखरू यायचं, एका फुलातून दुसऱ्यात चोच घालायचं, आणि हे बटण दाबेपर्यंत तिसऱ्या फांदीवर गेलेलं असायचं. आठ दिवसांत आठ फोटो झाले. रीळ नगरला रवाना झालं. तीन आठवड्यांनी फोटो आले आणि सोबत चाचांचं कार्ड. मला ते अजून आठवतं. "भाऊसाहेबांस सलाम. आंब्याची पाने फार सुरेख आली आहेत. एका फोटोत कोपऱ्यात माशी बसली आहे, ती पुसली नाही, कारण ती पाखरूही असू शकेल."

हे आधी चिडले, मग हसायला लागले, आणि मग त्यांनी खरोखरच भिंग घेऊन ती माशी तपासली. ते पाखरूच होतं.

त्याच दिवसांत माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. वऱ्हांड्याच्या आढ्याला कंदील अडकवायची एक तार होती. तिच्या टोकाला जळमटासारखं काहीतरी लोंबायला लागलं. वाळकी पानं, कोळिष्टकं, सालपटं, सगळा केरकचराच. सकाळी झाडताना मी केरसुणी उलटी धरून वर नेली, तोच तारेवरून कुणीतरी मला जोरजोरात रागवायला लागलं. चिवीट, चिवीट. मातकट रंगाची ती इवलीशी मादी, चोचीत कापसाचा धागा धरलेला. तो धागा माझ्याच फुलवातींच्या टोपलीतला होता. मी केरसुणी खाली घेतली आणि तिथेच पायरीवर बसले. ती थोडा वेळ थांबली, मग माझ्यासमोर त्या कचऱ्यात धागा खोचून निघून गेली.

त्या दिवसापासून आम्ही कंदील खिडकीत ठेवायला लागलो. मी रोज तिथेच बसून तांदूळ निवडायची, भाजी चिरायची. ती माझ्या डोक्यावरून ये-जा करायची. घरट्याचा आकार हळूहळू दिसायला लागला. लांबट पिशवी, एका बाजूला भोक, आणि भोकावर पावसाळी पडवीला असतं तसं छोटंसं छप्पर. मला ते छप्पर बघून मोठी गंमत वाटायची. एवढ्याशा जिवाला हे कुणी शिकवलं असेल?

यांनी चाचांना सविस्तर पत्र लिहिलं. आठ दिवसांनी एक पुडकं आलं. त्यात एक रीळ होतं, आणि तपकिरीच्या डबीत कापसात गुंडाळलेलं चष्म्याचं एक भिंग. चाळिशीचं. सोबत चिठ्ठी होती. कॅमेऱ्याच्या काचेवर हे भिंग बसवा, म्हणजे हातभर अंतरावरचं स्वच्छ येईल. अंतर मात्र पक्कं पाहिजे. दोरी घ्या आणि तिला गाठ मारा. पाखराला भिऊ देऊ नका, तुम्हीही भिऊ नका. आणि हे एवढं एकच रीळ आहे, जपून वापरा.

हे त्या संध्याकाळी लहान मुलासारखे खूश होते. पुठ्ठ्याची नळी करून त्यांनी भिंग बसवलं. मग रीळ घालायच्या आधी कॅमेऱ्याची पाठ उघडून तिथे तेल लावलेला कागद ताणून धरला. तिवईवर खोकं, खोक्यावर कॅमेरा. मला म्हणाले, "ये, बघ."

मी पदर डोक्यावरून पुढे ओढून अंधार केला आणि वाकून पाहिलं. तेलकट कागदावर आमचं घरटं उलटं लटकत होतं. छप्पर खाली, पिशवी वर, आणि माझा कापसाचा धागा मध्ये चमकत होता. कॅमेरा म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. तोवर मी त्याच्यासमोर नुसती ताठ उभी राहिले होते.

अंतर निघालं एक हात आणि दोन बोटं. तेवढ्या दोरीला यांनी गाठी मारल्या.

एव्हाना पिल्लं बाहेर आली होती. दोन असावीत. आई जवळ आली की भोकातून दोन नारिंगी तोंडं उघडायची. हे सुटीच्या दिवशी सकाळी कॅमेऱ्याजवळ जाऊन बसले. बटणाला हातभर लांबीची तार होती, तिचं टोक बोटांत. मादी आली, तारेवर बसली, यांच्याकडे बघून ओरडली आणि निघून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. पिल्लं आतून ओरडत होती. तासाभराने मीच म्हटलं, "उठा आता. पिल्लं उपाशी आहेत."

हे उठले. मी ताट पुसत तिथेच उभी होते. हे घरात गेले न गेले तोच ती आली आणि माझ्यादेखत पिल्लांच्या तोंडात कोळी कोंबून गेली.

दुसऱ्या दिवशी धरणावर जायच्या आधी यांनी हॅट काढून बसून पाहिलं. उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी यांनी मला न सांगता माझं जुनं हिरवं पातळ दांडीवरून काढलं, डोक्यावरून घेतलं आणि मांडीवर सूप घेऊन बसले. मी आत चहा करत होते. बाहेर मावशींचा आवाज आला.

"सायेब, बरं न्हाई व्हय?"

मी बाहेर आले. दुधाचं भांडं कमरेवर धरून मावशी उभ्या होत्या आणि साहेब पातळातून त्यांच्याकडे बघत होते.

"बरं आहे," हे म्हणाले. "पाखराला फसवतोय."

मावशींनी एकदा तारेकडे पाहिलं, एकदा यांच्या मिशांकडे. "पाखरू फसंल व्हय? त्येला मानसाची बसन्याची ढब कळती. बाईस्नी बसवा की. त्येची नि बाईची वळख हाय."

यांनी पातळ काढून नीट घडी घातली, जशी मी घालते तशी, आणि माझ्या हातात दिली. चहा पिताना म्हणाले, "मावशी बरोबर सांगतायत. तूच काढ."

"मला कुठे येतं?"

"मलाही कुठे आलं?"

मग माझी शिकवणी सुरू झाली. रिकाम्या कॅमेऱ्यावर दोन दिवस तालीम केली. तार हळू दाबायची, लिंबाची बी दाबतो तशी. दाबताना श्वास धरायचा. ऊन वऱ्हांड्यात साडेसातला येतं आणि नऊला सरकतं, तेवढ्याच वेळात काम. दर फोटोनंतर मागची किल्ली फिरवायची, आणि लाल खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं. ते विसरलं तर एकावर एक दोन फोटो. मी हे सगळं तोंडपाठ केलं. यांना साडेसातलाच धरणावर जावं लागे, म्हणजे जे काही करायचं ते मला एकटीलाच करायचं होतं. निघताना हे म्हणाले, "आठच आहेत. एक तरी नराचा घे. तो पिल्लांना भरवायला येतो कधीकधी."

पहिला फोटो मी घाबरून काढला. मादी आली आणि माझं बोट आपोआप दाबलं गेलं. ती भोकाजवळ पोहोचलीही नव्हती. दुसरा बरा असावा असं वाटलं. तिसऱ्याच्या वेळी बटणाचा आवाज ऐकून ती दचकली, पण गेली नाही, मान वाकडी करून कॅमेऱ्याच्या काचेत बघत राहिली. बहुधा तिला तिथे दुसरी मादी दिसली. चौथ्या वेळी ढग आला.

मग माझ्या लक्षात आलं की मी घाई करतेय. सूप मांडीवर घेऊन मी खरोखरच तांदूळ निवडायला लागले. डावा हात सुपात, उजव्या हातात तार. ती यायची, भरवायची, जायची. पहिल्या एकदोन खेपा मी नुसत्या बघायची. आधी ती तारेवर बसते, मग छपराला लटकते, मग शेपटी आत ओढून एक क्षण अगदी निश्चल होते, आणि त्याच क्षणी चोच पिल्लाच्या तोंडात असते. तो क्षण एकदा ओळखीचा झाला, मग मला तो आधीच कळायला लागला. पाचवा फोटो मी त्या क्षणी काढला. दाबलं तेव्हाच आतून समाधान वाटलं. भाकरी तव्यावर टाकताच ती फुगणार हे हाताला कळतं, तसं काहीसं.

सहावा आणि सातवाही मादीचाच. आठवा मी राखून ठेवला. तीन दिवस नर समोरच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर बसून नुसती ऐट करायचा, मान वर करून किलबिलायचा, आणि बायको इकडे कोळी गोळा करून दमायची. मला त्याचा राग यायला लागला होता. चौथ्या दिवशी मात्र तो आला. उन्हात निळाजांभळा लखलखत, चोचीत हिरवी अळी घेऊन, अगदी मी दोरीने मोजलेल्या जागी. मी तार दाबली. आठ आकडे पूर्ण झाले.

यांना संध्याकाळी सांगितलं, तर यांनी मला चारदा तेच विचारलं. "पूर्ण आला होता? ऊन होतं? अंगावर रंग होता?" सगळं होतं, म्हटलं.

दोन दिवसांनी पिल्लं उडाली. एक सरळ आंब्यावर गेलं, दुसरं माझ्या वाळवणावर पडलं, तिथून ओरडत ओरडत मेंदीच्या कुंपणावर. मादी दोघांच्या मध्ये दिवसभर फिरत होती. घरटं तारेला तसंच राहू दिलं.

मे महिन्यात नणंदेच्या लग्नासाठी आम्ही नगरला गेलो. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. रीळ मी पदराच्या गाठीत बांधून कमरेला खोवलं होतं. यांनी ते माझ्याकडेच दिलं होतं.

लग्नघरातून वेळ काढून आम्ही स्टुडिओत गेलो. चाचांनी रीळ धुवून वाळत घातलं आणि म्हणाले, "दुपारनंतर या, कागदावर उतरवू." दुपारी गेलो तर हे त्यांच्यामागे अंधाऱ्या खोलीत शिरले, आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. चाचा परत बाहेर आले.

"बाई, फोटो तुमी काढलेत ना? मग बाहेर का बसलात?"

मी पदर सावरत तिथेच बसून राहिले. त्यांना माझा संकोच कळला असावा. त्यांनी मागच्या घरात हाक मारली आणि त्यांच्या बीबींना बोलावलं. त्या हात पुसत आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "चला, मीपन बघते. घरात इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला कधी आत घेतलं न्हाई."

आत एक तांबडा दिवा होता. चौघं दाटीवाटीने उभे राहिलो. चाचांनी एक पांढरा कागद परातीसारख्या ताटलीतल्या औषधाच्या पाण्यात सोडला आणि ताटली हलवत राहिले. कागद कोराच होता. मग त्यावर एक काळी रेघ उमटली. ती तार होती. मग छप्पर. मग कुठून तरी डोळा आला, आणि डोळ्याभोवती डोकं, मान, छातीवरचं एक एक पीस. चोच पिल्लाच्या उघड्या तोंडात. बीबी माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "या अल्ला, भरवतीय."

तो पाचवा होता.

चाचांनी चिमट्याने कागद उचलून दिव्याजवळ धरला. बराच वेळ पाहिला. "पस्तीस वर्षं माणसं बसवतो मी खुर्चीवर," म्हणाले, "हलू नका म्हणून सांगतो, तरी हलतात."

आता आठवा, असं हे म्हणाले. यांचा आवाज जरा घाईचा होता. आठवाही आला. घरटं स्वच्छ होतं, तार स्वच्छ होती, आणि मधे पाखराच्या आकाराचा काळा डाग. डोळासुद्धा दिसत नव्हता.

"हलला?" यांनी विचारलं.

"न्हाई भाऊसाहेब, जागच्या जागी हाय. पन त्याचा रंग उन्हाचा हाय, कागदावर उतरत न्हाई. काळ्या-पांढऱ्यात असले नवरदेव दौत सांडल्यासारखेच दिसतात." चाचांनी मादीचा फोटो पुन्हा वर घेतला. "हिचं मात्र सगळं आलं. साधी हाय ना."

मी यांच्याकडे पाहिलं. दोन महिने ज्याच्यासाठी आंब्यावर चढले, पातळ पांघरलं, तो असा निघाला. वाईट वाटलं असणार. पण ते पाचव्या फोटोवर वाकले होते. दोरीने अंतर मोजताना बघायचे तसे, एक डोळा मिटून. मग म्हणाले, "ह्या धाग्याचं टोकसुद्धा आलंय. आपल्या वातीचा आहे हा." आणि लग्नघरी परत जाईपर्यंत तो ओला कागद दोन तळहातांवर धरून चालत राहिले. रस्त्यात भेटलेल्या सासूबाईंच्या भावाला, स्वयंपाकाला आलेल्या आचाऱ्याला, बँडवाल्याला, सगळ्यांना थांबवून दाखवला. प्रत्येकाला सांगायचे, "हिने काढलाय." मला लाजेने कुठे बघावं कळेना, पण तसं ते आवडतही होतं.

चाचांनी त्याची एक प्रत मोठी करून स्टुडिओच्या काचेच्या पेटीत लावली. दोन्ही बाजूंना नवरा-नवरीच्या जोड्या आणि मध्ये आमची मादी. पुढे कितीतरी दिवस लोक आत येऊन विचारायचे, हे परदेशातलं पाखरू का? चाचा सांगायचे, आपल्याच जिल्ह्यातलं, भंडारदऱ्याचं.

आम्ही परत आलो तेव्हा चाचांनी कुठून तरी मिळवलेलं आणखी एक रीळ दिलं होतं. हे म्हणाले, "आता तूच ठेव कॅमेरा. मला धरणाचे हवे असले तर मागून घेईन." मी फोटो मावशींना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, पाखरू ओळखलं, पिल्लू ओळखलं, आणि म्हणाल्या, "पाखराचा काढला. आमचा कवा काढनार?"

"उद्या सकाळी या. चांगलं लुगडं नेसून या."

मावशी आल्या. लुगडं रोजचंच होतं, पण सोबत म्हैस होती, धुवून, शिंगांना तेल लावून आणलेली. म्हणाल्या, "हिच्यासंगं काढा. लई गुनाची हाय."

भिंग काढून ठेवलं, पंधरा पावलं मोजली, आणि उन्हाला पाठ करून उभी राहिले. मावशी म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभ्या होत्या आणि मी थांबले होते. माणसाचाही तसा एक क्षण असतो का ते बघत होते. म्हशीने मान वळवून मावशींचा खांदा चाटला. मावशी तिला काहीतरी शिवी देत हसल्या आणि मी बटण दाबलं.